लूण नावाचा पक्षी

गुरुजी,

मायना कसा लिहावा हे तुम्हीच शिकवलंत. वडीलधाऱ्याला कोणता, बरोबरीच्याला कोणता, लहानाला कोणता. त्यातला एकही तुम्हाला लावायची माझी इच्छा नाही, म्हणून नुसतं गुरुजी. तुम्ही गेलात त्यालाही आता एक पिढी उलटली. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. तुमचं तर गावात जिवंतपणीही कोणी वाईट बोललं नाही. किती हुशार, किती निर्व्यसनी, पाखरांचा किती नाद, असंच सगळे म्हणत राहिले. मी बोलणार आहे. ऐकायला तुम्ही नाही, म्हणजे याही वेळी सोय तुमचीच झाली.

निमित्त नातवाचं झालं. त्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे, तो कुठून आला हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात तो नागपूरहून आला होता. मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि तो फोन घेऊन जवळ आला. म्हणाला, "आजी, हे ऐक, हा पक्षी कसा गळा काढते." फोनमधून खरंच कोणी रडल्यासारखा लांब आवाज आला. मी चित्र पाहिलं. पाठभर पांढऱ्या चौकटी, सुरीसारखी सरळ चोच, लाल डोळा. खाली नाव होतं, लून. मी विचारलं, "हा आपल्याकडे कधी येतो रे?" तो हसायलाच लागला. "आपल्याकडे? थंड मुलखातल्या तळ्यावरचा पक्षी हाय तो. यवतमाळात कायले येतो मरायले?" मी शेंगांचं टोपलं तसंच ठेवून मोरीत गेले आणि तोंड धुतलं. इतकी वर्षं मनाच्या एका कोपऱ्यात मी तुमच्यासाठी थोडी जागा ठेवली होती. न जाणो, खरंच आला असेल. न जाणो, तांड्यातल्या दुसऱ्या कोणी खाल्लाही असेल. ती जागा त्या दिवशी बंद झाली. काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही ते सोयीनं विसरला असणार.

तुम्ही माझ्या आईला पहिल्यांदा पाहिलंत तो दिवस घ्या. आम्ही आईला याडी म्हणतो. तांड्यातून फुलसावंगीच्या शाळेत आलेली मी पहिली मुलगी. बा शेतावर होता, म्हणून याडीच मला घेऊन आली. आरसे लावलेला लाल फेटिया म्हणजे घागरा, कवड्यांची कांचळी म्हणजे चोळी, दंडापर्यंत पांढरा चुडा, गालांवर रुळणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. ती व्हरांड्याच्या पायऱ्या चढते तेव्हा तिच्या आधी तिचा आवाज वर येतो आणि पोरं खिडकीशी गोळा होतात. तुम्ही चष्मा कपाळावर सारून तिच्याकडे पाहता. विचारता, "हिला शिकवून काय करणार, बाई?" याडी म्हणते, "मले नाई मालूम. तुमी शिकवा, मंग पाहू." तुम्ही मोठ्यानं हसलात आणि मला वर्गात घेतलंत. ते हसणं मला आवडलं होतं हे आधीच सांगून टाकते. मी तुम्हाला फार मानत होते. मानलं नसतं तर आज इतकी शाई नासली नसती.

तुम्ही वणीचे. वडील वकील, काका कचेरीत, घरात पिढ्यान्‌पिढ्या कागद आणि दौत. फुलसावंगीची बदली तुम्हाला काळ्या पाण्याची शिक्षा वाटायची आणि ते तुम्ही भर वर्गात बोलून दाखवायचात, जणू आम्ही तिथले जन्मठेपेचे कैदी. तुमच्या जिवाच्या वस्तू दोनच. एक दुर्बीण आणि एक रंगीत चित्रांचं जाड पुस्तक. पुस्तक तुमच्या वडिलांना मायदेशी परत जाणाऱ्या एका अमेरिकन पाद्र्यानं दिलेलं. त्यातले पक्षी सगळे तिकडचे. मुखपृष्ठावर तसं छापलेलंच होतं, आणि तुम्हाला इंग्रजी आमच्यापेक्षा नक्कीच जास्त येत होतं. पण पुस्तक एकच, त्यामुळे आमच्या तलावावरचं जे पाखरू दिसेल ते तुम्ही त्या पुस्तकात बसवायचात. दुसऱ्याच्या मापाचा सदरा लेकराला घालावा तसं. बसला नाही तर चूक पाखराची.

तरीही तुमच्यासारखं पाहायला कोणी शिकवलं नाही, हे खोटं कशाला बोलू? रविवारी सकाळी तुम्ही आम्हा चारपाच जणांना तलावाच्या बांधावर न्यायचात. बाकीचे गोटे मारायला यायचे, मी पाहायला. दुर्बीण हातात देण्याआधी तुम्ही दर वेळी तेच सांगता. "नाव आधी घ्यायचं नाही. नाव सगळ्यात शेवटी. आधी ठेवण पाहा. वर तरंगतो का अर्धा बुडून बसतो? भार कुठं आहे? मग मान. मग चोच, सरळ का आकड्याची? मग हालचाल. आणि रंग अगदी शेवटी, कारण रंग फसवतो. पाखरू उन्हाळ्यात एक अंगरखा घालतं, हिवाळ्यात दुसरा. कपड्यावरून जो पाखरू ओळखतो तो गाढव." हे तुमचं वाक्य आहे, गुरुजी. त्यातला एक शब्दही मी बदललेला नाही.

तुमची दुर्बीण उघडीच गळ्यात लोंबते, काचेवर धूळ बसते, असं मी घरी सांगितलं. याडीनं जुन्या फेटियाचं लाल कापड काढलं, आतून मऊ अस्तर लावलं, वर काळ्या-पिवळ्या दोऱ्यांचं भरतकाम केलं, चार आरसे लावले आणि तोंडाला कवड्यांची नाडी ओवली. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा ती पिशवी मी तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही उलटीपालटी करून पाहिलीत, "वा! लमाणी काम," म्हणालात आणि गळ्यात घातलीत. कोणी केलं हे विचारलं नाहीत. मला त्याचंही काही वाटलं नाही. तो दिवस मला सणासारखा गेला.

मग एक दिवस तुम्ही ते पुस्तक वर्गात आणलंत आणि एक पान उघडून सगळ्यांपुढून फिरवलंत. "हा लून. पाणबुड्यांचा राजा." मला हसू आलं, आवरलंच नाही. तुम्ही विचारलंत, "काहून हसली?" मी म्हटलं, "गुर्जी, आमच्या बोलीत लूण म्हंजे मीठ." सगळा वर्ग खिदळला आणि तुम्हीही हसलात. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव हिंडले, त्या लवणावरूनच आम्हाला लमाण म्हणतात, हे तुम्हीच एकदा इतिहासाच्या तासाला सांगितलं होतं. तेव्हापासून वर्गात तो पक्षी लूणच झाला. घरी मी चुलीपाशी बसून हे सांगितलं तेव्हा भाकरी थापणारा याडीचा हात थांबला. आम्ही घरात गोर बोलीत बोलायचो. इथं तुम्हाला कळेल असं लिहिते. "लूण पाण्यावर बसते?" ती म्हणाली, "आन् विरघळत नाई?" आणि घुगऱ्या वाजेपर्यंत हसत राहिली. बा म्हणाला, "गुर्जीले सांग, आमच्या बापजाद्यानं लई वाह्यलं थे, पन पख फुटलेलं कधी नाई पाह्यलं." तुमचं नाव आमच्या घरात इतक्या आनंदानं पुन्हा कधी निघालं नाही.

आपला मुलूख मध्य प्रदेश सोडून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो पक्षी आला. तलावावर लहान पाणकावळे नेहमीचेच, काळे, घोळक्यानं राहणारे. हा एकटा आणि चांगला मोठा. पाठ तपकिरी, गळा आणि पोट मळकट पांढरं, पाण्यात इतका खाली बसलेला की पाठीवरून पाणी जावं. तुम्ही घाईघाईनं पुस्तक उघडलंत. लूनच्या हिवाळी अंगरख्याचं चित्र होतं, वरून तपकिरी, खालून पांढरं. "हाच तो. अख्ख्या मुलखात कोणी पाहिला नसेल." मग दुर्बीण माझ्याकडे आली. मी तुमच्याच क्रमानं पाहिलं. मान लांब आणि वाकडी. चोच वर उचललेली, तिच्या टोकाला आकडा. एवढ्यात तो पाण्यातल्या वठलेल्या बाभळीवर चढला आणि पंख पसरून बसला. मी म्हटलं, "गुर्जी, थो पख वाळवून राह्यला. आन् चोचीले आकडा हाय. पाणकावळाच असंल, मोठा." तुम्ही दुर्बीण अशी हिसकलीत की कवड्यांची नाडी माझ्या कानाला ओरखडून गेली. "तुझ्या घरात अजून अंगठा उठतो आणि तू मला शिकवते? पुस्तकात छापलंय ते खोटं?" नाव तुम्ही आधीच घेऊन टाकलं होतं.

तुम्ही नागपूरला कळवलंत. तिथल्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्रोफेसर स्वतः पाहायला येणार असं ठरलं आणि गावात दवंडी पिटायची तेवढी बाकी राहिली. पाटलांच्या वाड्यावरून खुर्ची आली. आम्हाला धुतलेले कपडे घालून यायला सांगितलंत. त्या सकाळी बांधावर प्रोफेसर, तुम्ही, पोलीस पाटील आणि सगळी शाळा उभी आहे. तलावावर लहान पाणकावळे आहेत, चार बदकं आहेत, आणि तुमचा राजा नाही. ऊन चढत जातं. प्रोफेसर एकदा घड्याळ पाहतात, पुन्हा पाहतात. मला तुमची दया आली होती, गुरुजी. तुमच्या कपाळावरचा घाम पाहून मी मनात म्हणत होते, येऊ दे बा त्याला, पाणकावळा तर पाणकावळा.

तेवढ्यात तलावाच्या पलीकडच्या टोकाला, तुरीच्या शेताच्या कडेनं, एक लाल फेटिया चालताना दिसला. डोक्यावर गाठोडं. तुम्ही डोळे बारीक केलेत. दुर्बीण तुमच्या गळ्यात होती, याडीच्या पिशवीत. ती काढण्याचेही कष्ट तुम्ही घेतले नाहीत. माझ्याकडे बोट करून म्हणालात, "हिची आई आहे ती. गाठोडं पाहा. हिनंच पकडला. हे लोक काहीही खातात." मी म्हटलं, "गुर्जी, माह्यी याडी पहाटपासून कापूस वेचाले गेली." तुम्ही ऐकलं नाहीत. तांड्यात किती बाया, सगळ्यांचे फेटिये लाल. पण तुम्हाला माहीत होती ती एकच, मला शाळेत घालायला आलेली. ज्याला एकच पाखरू ठाऊक त्याला सगळा थवा तेच दिसतो. आणि कपड्यावरून पाखरू ओळखणाऱ्याला काय म्हणायचं, ते बांधावरच्या प्रत्येक पोराला तोंडपाठ होतं. एकही पोरगं बोललं नाही.

तुम्ही सगळी वरात घेऊन तांड्यावर आलात. कोणीतरी वावरात पळत गेलं, याडीला बोलावून आणलं. ती ओच्यात कापूस तसाच घेऊन, धापा टाकत आली. मला काही झालं असंच तिला वाटलं असणार, कारण आल्या आल्या तिनं आधी मला चाचपलं. मग तुमच्याकडे वळली. पोलीस पाटील खाली पाहत म्हणाले, "बाई, गुर्जीचं काईतरी तुमच्या घरी हाय म्हन्तेत." याडीनं विचारलं, "काय हाय?" तुम्ही पुढं होऊन म्हणालात, "लून. लून कुठं आहे, ते काढ."

आणि ती आत गेली, मिठाचं मडकं घेऊन बाहेर आली आणि दोन्ही हातांनी तुमच्यापुढं धरलं. "घ्या की, गुर्जी. यवढ्यासाठी कायले तकलीफ केली? पोरीजवळ निरोप धाडाचा."

सगळा जमाव हसला. पोलीस पाटील हसले, शाळा हसली, आमच्या तांड्यातले दोघंतिघंही हसले. ती मडकं धरून उभी, हसणाऱ्यांकडे एकेक करून पाहते आहे आणि तिच्या तोंडावरही थोडं हसू आहे, कारण एवढी माणसं हसतात म्हणजे काहीतरी चांगलंच असणार. एखाद्या लेकराला चिठ्ठीत काय लिहिलंय हे कळत नसावं आणि त्यानं ती सगळ्यांना हौसेनं दाखवावी, तसं ते होतं. तिला मी पक्ष्याचं सांगितलं होतं, पण दारात गुरुजी उभे राहून लूण मागतात म्हटल्यावर घरची बाई दुसरं काय समजेल? तुम्हाला तिचं उत्तर कळलं होतं. वर्गात मीच ते तुम्हाला समजावलं होतं. एवढं म्हणायचं होतं की बाई, मीठ नव्हे, तो एक पक्षी आहे. तुम्ही म्हणालात, "नाटक नको. झाकण काढ."

आणि वहाणा न काढता तुम्ही चुलीपाशी गेलात आणि पातेल्यावरचं झाकण स्वतःच्या हातानं काढलंत. आत उकडलेले तुरीचे दाणे होते. तुम्ही पळीनं ते ढवळून पाहिलेत. मग झाकण खाली टाकून म्हणालात, "खाऊन झाला असेल." याडीच्या तोंडावरचं हसू तेव्हा गेलं. प्रोफेसर म्हणाले, "चला हो, चला." ते तेवढे दाराबाहेरच उभे होते.

परतताना मी तुमच्या मागं मागं आले. काय म्हणून आले मला माहीत नाही. बहुतेक तुम्ही मागं वळून काही बोलाल म्हणून. तलावापाशी आलो तर त्याच वठलेल्या बाभळीवर तो बसलेला, पंख पसरून, कुठून तरी पोट भरून आलेला. प्रोफेसरांनी दुर्बीण लावली. थोड्या वेळानं म्हणाले, "हाच का तुमचा? हा मोठा पाणकावळा. अजून कोवळा आहे, म्हणून पोट पांढरं दिसतं." पोलीस पाटलांनी ऐकलं, मी ऐकलं. तुम्ही म्हणालात, "नाही, हा दुसरा. तो वेगळा होता." प्रोफेसर भले माणूस. म्हणाले, "असेलही," आणि दुपारच्या मोटारीनं निघून गेले. त्या 'असेलही'वर तुम्ही जन्मभर बसलात, आणि त्याच्याचखाली माझी आई गाडली गेली.

गावाला एवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या बाजारी मिठाच्या दुकानदारानं विचारलं, "काय वो, लूण पायजे का? बसलेलं देऊ का उडतं?" पोरं तिच्या मागं ओरडत, "गुर्जीचं लूण खाल्लं!" पारावरच्या एका म्हाताऱ्यानं तर म्हणच केली. "लेकीले शिकवलं त्या मास्तरानं, आन् बाई खाल्ल्या मिठाले जागली नाई." हे सगळं तुमच्या व्हरांड्याखालून जात होतं. तुम्ही ऐकत होता आणि फळ्यावर शुद्धलेखन लिहीत होता. तुमच्या एका शब्दानं ते थांबलं असतं. 'चूक माझी झाली', बस्स. रोज संध्याकाळी मी घरी गेले की याडी विचारायची, "गुर्जी काई बोलले?" मी म्हणायची, "नाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिला माफी नको होती, गुरुजी. तुमच्या तोंडून आपलं नाव धुऊन मिळावं, एवढीच तिची आस होती. कारण तुम्ही शिकलेले, तुमचं बोलणं गावात चालायचं. पुढच्या रविवारी तुम्ही आम्हाला पुन्हा बांधावर घेऊन गेलात. गळ्यात तीच पिशवी होती. ती परत करावी एवढीही लाज तुम्हाला वाटली नाही. काही दिवसांनी याडीनं विचारणं सोडून दिलं.

होळी आमचा मोठा सण. त्या वर्षी ती नाचायला उठली नाही, आणि होळी झाल्यावर तिनं फेटिया-कांचळी उतरवून लुगडं नेसलं. लुगड्याच्या चोळीत दंडावरचा चुडा मावेना, म्हणून तोही काढला. आमच्यात नवरा गेल्यावर बाई तो काढते. शेजारची म्हातारी ऊर बडवत आली, "नवरा जिता हाय नं तुहा? हे काय करून राह्यली?" याडी म्हणाली, "लाल दिसलं का लोक माहंच नाव घेतेत. लालच नको." बा ओसरीवर बसला होता. तो उठून बैलांकडे गेला. केसांत बांधलेली चांदीची टोपली, आमच्या सवाष्णीचा दागिना, तेवढी तिनं राहू दिली, कोणाला दिसू नये अशी, पदराखाली.

तुमची वणीला बदली झाली तेव्हा गावानं तुम्हाला हार घातले. भाषणात तुम्ही म्हणालात, "फुलसावंगीनं मला काय दिलं? लून दिला. जगाला पटो न पटो, मी तो या डोळ्यांनी पाहिला." टाळ्या पडल्या. मी मुलींच्या रांगेत शेवटी बसले होते आणि हात मांडीखाली दाबून ठेवले होते. पुढं मी पुसदला शिकले, नर्स झाले, तुम्ही गेल्याची बातमी मला दवाखान्यात कळली. सोबतची म्हणाली, तुझे गुरुजी ना, सुट्टी घे, जाऊन ये. मी त्या दिवशी दुसरीचीही पाळी मागून घेतली. याडी तुमच्या आधी गेली. शेवटपर्यंत लुगड्यातच होती. तांड्यातल्या बायांनी तिला जाताना तिचा जुना फेटिया नेसवायचं काढलं, तर पेटीत एकही नव्हता. एक तुमच्या पिशवीसाठी तिनं कापला होता, आणि उरलेल्यांची तिनं माझ्या लेकरांसाठी गोधडी शिवली होती.

आता एक राहिलं. तिनं लुगडं नेसलं त्याच आठवड्यातला बाजार. मी शाळेतून निघाले आहे, दप्तर काखेत आहे, घाई आहे. मिठाच्या दुकानापुढं हिरव्या लुगड्यातली एक बाई पाठमोरी उभी आहे. मी तिच्या अगदी बाजूनं निघून जाते. तिचा पदर माझ्या हाताला लागतो. पुढं कापडाच्या दुकानापाशी आल्यावर काहीतरी खटकतं आणि मी मागं वळते. सकाळी मी घरून निघाले त्याआधीच ती वावरात गेली होती, हे हिरवं लुगडं मी पाहिलेलंच नव्हतं. मला ती बाई कोण हे कळत नाही. आणि तुमचा आवाज कानात येतो. नाव आधी घ्यायचं नाही. ठेवण पाहा. भार डाव्या पायावर, उजवी टाच जराशी उचललेली. मान पुढं काढलेली, जन्मभर डोक्यावर ओझं वाहिलेली. पिशवी या हातातून त्या हातात घेण्याची रीत. रंग शेवटी. मग मी ओरडले, "याडी!"

ती वळली. तिचं तोंड किती तरी दिवसांनी उजळलं. "वळखलं तू मले? बाजारात आल्यापासून कोनं नाई वळखलं. या दुकानदारानंबी नाई, गुपचूप मीठ मोजून देल्लं. तू कशी वळखली?" मी म्हटलं, "तुही लेक हाय मी. डोये झाकूनबी वळखीन." ती तिथंच, बाजारात, मला जवळ घेऊन रडली. पुढं मरेपर्यंत तिनं ही गोष्ट तांड्यात सांगितली. सगळं गाव चुकलं, पण लेकीनं पाठमोरी ओळखली. नातवांनाही सांगितली. तिच्या गाठीला एवढंच सुख होतं, आणि ते खोटं होतं, गुरुजी. लेक तिच्या बाजूनं निघून गेली होती. तिला ओळखलं ते तुमच्या विद्यार्थिनीनं.

हे तिला सांगितलं नाही, आणि तुम्हालाही कळू द्यायचं नाही. म्हणून तुमचा पत्ता असता तरी हा कागद टपालपेटीत टाकला नसता. सकाळी चुलीत जाईल. तुमचं एवढं मीठ मी खाल्लंय, हे कबूल. त्याला जागणार मात्र नाही.